गावातून निघून गावातच: विदर्भाच्या जंगल-टेकड्यांत पहिली गोल फेरी

सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटांवर दगडांवर रंगवलेले बाण भेटतात, सुट्टीच्या दिवशी माणसं भेटतात. विदर्भातल्या टेकड्यांवर यातलं फारसं काही नसतं. वाटा मात्र भरपूर असतात: पांदणी (वावरांमधून जाणारे कच्चे रस्ते), बैलगाडीच्या चाकोऱ्या, मोह वेचणाऱ्यांच्या पायवाटा, वनविभागाच्या जाळरेषा (आग अडवायला साफ ठेवलेले पट्टे), ढोरांच्या वाटा. यांतले चार-पाच तुकडे नीट जोडले की गावाच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूने परतणारी आठ ते बारा किलोमीटरची गोल फेरी तयार होते. ती जोडायची कशी आणि चालायची कशी, हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी इथे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. आल्या वाटेनेच परतायचं असेल तर परतीचा रस्ता ओळखीचा असतो. गोल फेरीत तसं नाही. अर्धं चालून झाल्यावरही पुढचं सगळं नवंच असतं, आणि ते समोर येतं तेव्हा पाय थकलेले असतात, बाटली हलकी झालेली असते, ऊन चढलेलं असतं. त्यामुळे चुकामूक, तहान, मुरगळलेला पाय हे बहुतेक शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात घडतं. म्हणून फेरी शेवटाकडून आखायची. पुढच्या बहुतेक सूचना याच कारणातून निघालेल्या आहेत.

कुठे जायचं नाही, ते आधी

विदर्भात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे पाच व्याघ्र प्रकल्प आहेत. शिवाय टिपेश्वर, ज्ञानगंगा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांसारखी अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पायी शिरणं गुन्हा आहे. चिखलदऱ्यासारखं गाव पर्यटनस्थळ आहे म्हणून त्याच्या भोवतीचं मेळघाटचं जंगल फिरायला खुलं आहे, असं होत नाही.

पण नकाशावरची सीमा पाहून भागत नाही, कारण वाघ सीमा पाळत नाही. २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून निघाला, तेलंगणातून फिरला आणि हजाराहून जास्त किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत त्याने शेतं, नाले, महामार्ग सगळं ओलांडलं. म्हणजे "आमच्याकडे वाघ नाही" हे वाक्य फक्त आजपुरतं खरं असतं.

चंद्रपूर जिल्हा, ब्रह्मपुरीचा परिसर आणि त्याला लागून असलेला गडचिरोलीचा भाग इथे वाघ गावाच्या शिवारात असतो, आणि सरपणाला, मोहाला, तेंदूपत्त्याला गेलेली माणसं दगावतात. तिथे स्वतःहून पायी फेरी आखू नका. वनविभाग किंवा गावाची समिती वाटाड्यासह नेत असेल तरच जा. यात सवलत नाही. बाकी जिल्ह्यांतही, ज्या गावात गेल्या महिन्याभरात बिबट किंवा वाघाने गुरं मारली असतील तिथली फेरी त्या हंगामापुरती सोडून द्या.

उरलेली जमीन कोणाची, हे पाहा. एकाच फेरीत खासगी वावर, ई-क्लासची गायरान जमीन, झुडपी जंगल आणि राखीव वन असे चारही प्रकार लागू शकतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली बरीच जमीन आहे. ती दिसायला नुसती बोराटीची पडीक वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वनजमीनच ठरवली आहे. राखीव वनाची हद्द जागेवर ओळखता येते: चुना मारलेले दगडी बुरूज असतात, त्यांवर कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, लिहिलेला असतो. तो क्रमांक वहीत टिपून ठेवा. मदत मागायची वेळ आली तर "मोठ्या टेकडीच्या मागे" यापेक्षा कक्ष क्रमांक वनरक्षकाला लगेच कळतो.

परवानगीसाठी आधी त्या बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाला भेटा. गरज असेल तर तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे पाठवतो. गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले असतील तर ग्रामसभेलाही विचारायला हवं. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असे हक्क मिळाले, त्यानंतर विदर्भातल्या अनेक गावांना मिळाले आहेत. त्या गावांत जंगलाची राखण गाव करतं. न विचारता शिरणाऱ्याला हटकलं तर त्यात गैर काही नाही.

दिवस कधीचे निवडायचे

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात हिरवळ देखणी असते, पण गवत कमरेच्या वर असतं, त्यात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, आणि उन्हाचा चटका डिसेंबरच्या दुप्पट लागतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांतून जाणारी फेरी कापणी झाल्यावरच आखा. पश्चिमेकडे कपाशी आणि तूर जानेवारीपर्यंत उभी असते, तेव्हा पांदण आणि धुरा (शेताचा बांध) यांच्यावरूनच चाला. वेचणीच्या दिवसांत कपाशीच्या वावरात अनोळखी माणसं दिसली की शेतकऱ्याला चोरीची शंका येणारच. दुरून हाक द्या, कुठे चाललोय ते सांगा, मग पुढे जा.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. जंगल वाळलेलं, पानगळ झालेली, सावली नाही. मार्चमध्ये मोह पडायला लागतो तेव्हा पहाटे झाडाखाली माणसं असतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलंही येतात. मार्चच्या मध्यानंतर नवख्यांनी फेरी काढूच नये.

पाऊस पडून गेल्यावर दोन कोरडे दिवस जाऊ द्या. काळ्या मातीची पांदण ओली असेल तर प्रत्येक बुटाखाली किलोभर चिखलाचा थर चढतो, तासाला चार किलोमीटरचा वेग दीडवर येतो, आणि तुमचं सगळं वेळापत्रक टेकडीपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळतं.

नकाशा आणि गुराखी, दोघंही हवेत

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यांत १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तपकिरी समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या अंतराने असतात, म्हणून चढ मोजायचा तर ओलांडलेल्या रेषा मोजून २० ने गुणा. अंतर मोजताना वाटेवर दोरा ठेवून तो ताणून मोजा, आणि आलेल्या आकड्यात दहापैकी एक भाग वाढवा. वाट नकाशावर दिसते त्यापेक्षा जास्त वळते.

पश्चिम विदर्भातल्या टेकड्या काळ्या दगडाच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या आणि माथ्यावर सपाट असतात. नकाशावर तिथे रेषा एका ठिकाणी गच्च आणि मग एकदम विरळ दिसतात. गच्च जागा म्हणजे कडा. तो कुठूनही चढता येत नाही. जिथे रेषांची दाटी सुटते ती सोंड किंवा खिंड, आणि जुनी पायवाट असली तर तिथूनच असते. पूर्वेकडे भातशेती आणि बोड्या (छोटी शेततळी) यांच्या सपाटीतून सुट्या टेकड्या उठतात. तिथे टेकडी चुकत नाही, पण खालचे बांध, बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव चुकवत जाताना पल्ला वाढतो.

नकाशांतल्या काही पायवाटा आज बुजलेल्या असतात, पांदणींवर अतिक्रमण झालेलं असतं. म्हणून दुसरा स्रोत गुराखी. त्याला "इकडून वाट आहे का?" असं विचारू नका, सगळीकडून वाट असतेच. असं विचारा: बैलगाडी कुठपर्यंत जाते? ढोरं दुपारी पाणी कुठे पितात, आणि ते पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? पोळ्यानंतर त्या बाजूने कोण उतरलं? टेकडी उतरल्यावर पहिलं वावर कोणाचं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी आलं तर वाट चालू आहे असं समजा. अंतर मात्र किलोमीटरमध्ये विचारू नका, वेळात विचारा, आणि सांगितलेल्या वेळेच्या दीडपट धरा.

वेळेचा हिशोब

समजा फेरी ११ किलोमीटरची आहे: अडीच किलोमीटर पांदण, दीड किलोमीटर आणि १२० मीटर चढ, तीन किलोमीटर पठार, दीड किलोमीटर उतार, शेवटी अडीच किलोमीटर नाला आणि शिवार. पांदणीवर तासाला ४ किलोमीटर धरा, म्हणजे ३८ मिनिटं. चढावर ३ किलोमीटरचा वेग आणि दर १० मीटर उंचीला एक मिनिट जादा, म्हणजे ४२. पठारावर साडेतीनचा वेग, ५० मिनिटं. उतार चढापेक्षा फार लवकर संपतो हा गैरसमज आहे. सुट्या मुरमावर पाऊल जपून टाकावं लागतं, त्याला ३५ मिनिटं. शेवटचा तुकडा ४०. बेरीज ३ तास २५ मिनिटं. यात एक तृतीयांश वाढवा, कारण नवख्यांची फेरी थांबे, फोटो आणि वाट शोधणं धरून होते. झाले साडेचार तास.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. बुलढाण्याला गडचिरोलीपेक्षा साधारण पाव तास उशिरा. पहाटेच्या अंधारात निघायचा मोह टाळा. उगवतीची वेळ अस्वल, बिबट आणि रानडुकरांच्या परतण्याची असते. सूर्य निघाल्यावर अर्ध्या तासाने, सव्वासातला गाव सोडा. मग आठच्या थोडं पुढे टेकडीचा पायथा, नऊला माथा, दहाच्या सुमारास पठाराचं टोक आणि पावणेबाराला गाव. या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. माथ्यावर पोहोचायला पावणेदहापेक्षा जास्त वाजले तर त्या दिवशी पूर्ण फेरी नाही, सुटकेची वाट धरायची. हा निर्णय घरी बसून आधीच घेतलेला बरा. माथ्यावर सगळ्यांनाच "थोडंच राहिलंय" वाटत असतं.

सुटकेची वाट म्हणजे फेरीतून मध्येच बाहेर काढणारा, माहितीतला रस्ता: जाळरेषा, डांबरी रस्त्याकडे जाणारी गाडीवाट, किंवा आल्या पावली माघार. प्रत्येक तिसऱ्या हिश्श्यात एक तरी हवी. पठाराच्या पुढे एकही सुटका नसेल तर ती फेरी पहिल्या खेपेसाठी नाही.

कोणत्या बाजूने फिरायचं

गोल फेरी दोन्ही दिशांनी चालता येते, पण दोन्ही सारख्या नसतात. उभी बाजू चढा, सौम्य बाजू उतरा. मुरमाड उतारावर पाय घसरतो, आणि जानेवारीनंतर त्यावर सागाच्या पानांचा थर असतो. ताटाएवढं कोरडं पान दगड झाकतं आणि पायाखालून सरकतं. चढताना हे त्रासाचं होतं, उतरताना पाडतं.

दुसरी कसोटी नाल्याची. बहुतेक फेऱ्यांत एकच नाला दोनदा ओलांडावा लागतो, एकदा जाताना वरच्या अंगाला, एकदा येताना खालच्या अंगाला. टेकडीवर पाऊस पडला तर तुम्ही खाली येईपर्यंत खालचा नाला फुगलेला असतो. म्हणून शेवटचं ओलांडणं पुलावरून किंवा रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीपुलावरून) येईल अशी दिशा निवडा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. छोट्या नाल्याचा पूर काही तासांत उतरतो. गुडघ्याच्या वर आणि गढूळ, वाहतं पाणी ओलांडायचं नाही, मग गाव समोर दिसत का असेना.

तिसरी कसोटी उन्हाची. शेवटचा शिवाराचा तुकडा उघडा असतो. दोन पर्याय असतील तर शेवटी झाडांची पांदण येईल आणि उघडी वावरं सकाळी पार होतील अशी दिशा चांगली.

शेवटचा तुकडा आधी चाला

हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. फेरीच्या आठवडाभर आधी, परतीचा तुकडा उलटा चालून या: गावातून निघा, ज्या बाजूने परत येणार आहात त्या बाजूने टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणि शक्य तर उतार सुरू होतो त्या माथ्यापर्यंत जा. जाताना दर फाट्यावर मागे वळून पाहा आणि मागच्या बाजूचा फोटो काढा. फेरीच्या दिवशी तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे. वाट पुढून जशी दिसते तशी मागून दिसत नाही. जाताना डावी फांदी सरळ वाटते, येताना तीच दोन झुडपांमागे लपते.

गावाकडे येणाऱ्या वाटा एकमेकींत मिसळत जातात, म्हणून पायथ्याच्या पुढे चुकणं अवघड असतं. खरी चूक होते पठारावर, उतार सुरू होण्याच्या जागी. सपाट माथ्यावरून तीन-चार सोंडा पंजासारख्या पसरतात. सुरुवातीला त्यांच्यात पन्नास पावलांचं अंतर असतं, पायथ्याला दोन किलोमीटरचं. चुकीच्या सोंडेवरूनही छान मळलेली वाट मिळते, तीही गावातच नेते, पण शेजारच्या गावात. तिथून डांबरी रस्त्याने तुमचं गाव सात-आठ किलोमीटर असू शकतं. म्हणून उताराच्या तोंडाशी पक्की खूण ठरवून ठेवा: एखादा बुरूज, कक्ष क्रमांक, वेगळं दिसणारं झाड, खालच्या तलावाचा किंवा मंदिराच्या कळसाचा कोन. तिथे दहा मिनिटं बसा, नकाशा काढा, मगच पहिलं पाऊल खाली टाका.

माणसाची वाट आणि ढोरांची वाट

जंगलात नवख्याला चकवते ती ढोरांची वाट. ती रुंद असते, धूळ उडालेली असते, शेण पडलेलं असतं, म्हणून खात्रीची वाटते. पण ढोरं उताराला आडवी चालतात, त्यामुळे एकाला एक लागून सात-आठ समांतर वाटा दिसतात. त्या फुटत राहतात आणि शेवटी सावलीत, पाण्यावर किंवा बोराटीच्या जाळीत संपतात. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या तोडलेल्या असतात, कुऱ्हाडीने छाटलेले खुंट दिसतात, चढावर दगड पावलांनी गुळगुळीत झालेले असतात, आणि वाट खिंडीच्या रोखाने जाते. वाकून चालावं लागतंय, फांद्या छातीला लागताहेत, असं वीस-पंचवीस पावलं झालं तर तुम्ही ढोरांच्या वाटेवर आहात. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा. आडवं शिरून "पुढे वाट मिळेलच" असं कधी करू नका. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत तास जातो, आणि रानडुकरं दिवसा तिथेच पडून असतात.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक आडवी रेषा ठरवा, जी न दिसता ओलांडताच येणार नाही: नाला, जाळरेषा, विजेच्या मोठ्या तारा, कालवा. ठरलेल्या वेळेत ती आली नाही तर काहीतरी चुकलं आहे. वाटेवर रंग फासू नका, झाडाला घाव घालू नका, चिंध्या बांधू नका. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, जीपीएस मात्र त्या मोडवरही चालतं.

सोबत काय

पाणी: डिसेंबर-जानेवारीत माणशी २ लिटर, त्याच्या अलीकडे-पलीकडे ३ लिटर. उतार सुरू करताना प्रत्येकाकडे किमान अर्धा लिटर शिल्लक हवं, हा नियम पाळा. नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवल्याशिवाय पिऊ नका. थकवा, डोकेदुखी, पायात गोळे आले तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे मिश्रण घरूनच पुड्या करून न्या. खायला पोळी-चटणी, फुटाणे, गूळ, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संत्री. सालं परत आणायची.

कपडे: पूर्ण बाह्या, लांब पँट, मळकट रंग. कुसळ लोकरी आणि जाड विणीच्या मोज्यांत रुततं, गुळगुळीत विणीच्या मोज्यांत कमी. पँटची टोकं मोज्यात खोचा. चप्पल नको, खाचांच्या तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे बूट हवेत, आणि तेही आधी आठवडाभर वापरलेले. चार-पाच फुटांची बांबूची काठी गवत चाचपायला, उतारावर टेकायला आणि आवाज करायला उपयोगी पडते. शिट्टी, विजेरी, जखमेला बांधायची लांब रुंद पट्टी, काटे काढायला चिमटा, एवढं पुरे.

माणसं चार ते सहा. दोघं कमी पडतात, कारण एक जखमी झाला तर एकाने थांबायचं आणि मदतीला दोघांनी जायचं असतं. सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, शेवटी नाही.

गावात एका माणसाकडे, टपरीवाला असो की पोलीस पाटील, कागद द्या: कोण कोण, कुठून कुठे, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२.

वाटेतले धोके

शिवारातला मोठा धोका तारांचा. रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक वाचवायला वावराभोवती झटका मशीनच्या तारा असतात. त्यांचा झटका बसतो पण मारत नाही. काही ठिकाणी मात्र बेकायदा थेट वीज सोडलेली असते, आणि त्याने माणसं मेली आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कोणतीही तार हाताने वाकवायची नाही, खालून सरपटायचं नाही. अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी वावरातून जायचं नाही, हा वेळेवर परतण्याचा आणखी एक हिशोब.

जंगलात बोलत चाला. जनावराला तुम्ही येताय हे आधी कळलं पाहिजे. अस्वलाचे हल्ले बहुधा अचानक समोरासमोर आल्याने होतात, आणि पिल्लं सोबत असली तर ते थांबत नाही. दिसलं तर धावू नका, तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे सरका. वाघ-बिबटासमोर वाकू नका, बसू नका, पाठ फिरवू नका. वानरं एका जागी सतत खेकसत असतील किंवा चितळाची तीक्ष्ण हाक पुन्हा पुन्हा येत असेल तर जवळ वाघ-बिबट असू शकतो; पुढे जाऊन पाहायचं नाही, तिथूनच परत फिरायचं.

आग्यामोहोळ उंच झाडांवर, कड्यांवर आणि पुलांखाली असतं. अत्तर लावू नका, जवळपास धूर करू नका, दगड तर नाहीच. माशा उठल्या तर तोंड कापडाने झाकून सरळ पळत सुटा आणि थांबू नका. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घोंगावत राहतात. नांग्या नखाने खरवडून लवकरात लवकर काढा.

साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या, कडी, बूट काढा, पाय पट्टीने काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, चालवू नका, १०८ ला कळवा आणि प्रतिविष असलेल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. साप पकडून आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं.

वाटेत मातामायचं (गावदेवीचं) ठाणं किंवा झाडाखालचे शेंदूर लावलेले दगड लागले तर तिथे जेवायला बसू नका, काही हलवू नका. मोहाच्या झाडाखालची झाडून साफ केलेली जमीन ही कोणाच्या तरी कुटुंबाची कमाईची जागा असते, तिच्यावरून चालू नका. काडी पेटवायची नाही, एकदाही नाही.

परतल्यावर

आधी ज्याच्याकडे कागद दिला होता त्याला भेटा, मग चहा. खऱ्या वेळा कागदावरच्या वेळांशेजारी लिहा. कोणत्या तुकड्यात किती मिनिटं चुकली ते कळलं की पुढची फेरी तुमच्या पायांच्या मापाने आखता येते.

घरी कपडे थेट गरम पाण्यात टाका, आणि अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड पाहा. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढा. चुरडू नका, तेल-रॉकेल लावू नका. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस विदर्भात आहे, २०१८ साली नागपूर परिसरात त्याची मोठी साथ आली होती. किडा चावलेला कळतही नाही. फेरीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, डोकेदुखी आली, किंवा अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली दिसली, तर डॉक्टरला "जंगलात, गवतात फिरलो होतो" हे स्वतःहून सांगा. वेळेत ओळखला तर हा आजार डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो, नुसत्या तापाच्या गोळीने नाही.